मावसभावाच्या स्टँडात बसताना

पत्र:

काका, मी बेळगावातल्या अनगोळचा, वय २३. शाळेपासून बेंगळुरू एफसी या फुटबॉल टीमचा पाठीराखा आहे, आणि त्याचं कारण एकच, सुनील छेत्री. पुढच्या महिन्यात मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर एफसी गोवाविरुद्ध बेंगळुरूचा सामना आहे. मडगावचा माझा मावसभाऊ गोव्याचा कट्टर. त्यानं दोघांची तिकिटं काढलीत, पण त्याच्या नेहमीच्या स्टँडात, सगळ्या नारिंगी गर्दीत. माझ्या तिकिटाचे पैसे मी त्याला पाठवलेत. आता निळी जर्सी घालून जाऊ का? आपला गोल झाला तरी गप्प बसायचं म्हणजे अतीच की! छेत्रीला कोणी शिव्या घातल्या तर ऐकून घ्यायच्या? घरात बाबांचं तिसरंच चाललंय. "सीमाप्रश्नासाठी एक नोव्हेंबरला काळा दिवस पाळणारं घर आपलं, आणि तू बेंगळुरूच्या टीमसाठी ओरडायला गोव्याला जाणार?" मित्र म्हणतात, बिनधास्त जा. काय करू?
– निळा, अनगोळ

उत्तर:

निळ्या, जर्सी घालू नकोस. बॅगेतही ठेवू नकोस. बॅगेत असली की ती ऐंशीव्या मिनिटाला बाहेर येते.

आता तू म्हणशील, काका भित्रे आहेत. बाबा, फातोर्ड्याला तुला कोण मारेल म्हणून मी हे सांगत नाहीये. गोव्याच्या लोकांनी फुटबॉल आपल्याहून कितीतरी जास्त बघितलाय, आणि निळा शर्ट दिसला म्हणून अंगावर धावून येण्याइतके ते रिकामे नाहीत. तुझ्या पत्रात मला खटकलं ते वेगळंच. जर्सी आहे, गोल आहे, छेत्री आहे, बाबा आहेत, मित्र आहेत. मावसभाऊ मात्र तिकिटं काढण्यापुरता येतो आणि गायब होतो. खरं तर या सगळ्या प्रकरणात अडचण कोणाची होणार असेल, तर त्याची.

विचार कर. सामना रात्री संपेल, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तू चोर्ला घाट चढून अनगोळात. तो मात्र पुढच्या सामन्याला त्याच रांगेत, त्याच माणसांच्या शेजारी जाऊन बसणार आहे. मागच्या खुर्चीवरचे काका, पुढं पोरांना घेऊन येणारं जोडपं, ढोल वाजवणारी पोरं, ही सगळी त्याच्या ओळखीची. काहींची नावंही त्याला माहीत नसतील, पण सीझनभर त्यांच्यासोबत तो ओरडलेला, रडलेला असणार. त्या माणसांनी पुढच्या वेळी त्याला "काय रे, परवा कोणाला घेऊन आला होतास?" असं विचारलं, तर त्यानं काय सांगायचं, हे तू त्या नव्वद मिनिटांत ठरवणार आहेस. बाकीचे सगळे नियम यातूनच निघतात.

कोल्हापुरात माझी सासुरवाड एका पेठेत आहे, म्हणजे तालमीची फुटबॉल टीम आलीच. शाहू स्टेडियमवर पेठेपेठेतली ईर्षा काय असते, ते तुला निपाणी ओलांडलेल्या कुठल्याही माणसाला विचारलं तरी कळेल. तिथं कोण कुठं बसतं हे कुठं लिहिलेलं नसतं, पण सगळ्यांना पाठ असतं. माझ्या मेहुण्यानं एकदा बेळगावचा एक दोस्त सोबत आणला. त्याचा कुठल्याच तालमीशी संबंध नव्हता, पण गंमत म्हणून तो समोरच्या टीमच्या नावानं आरोळ्या ठोकायला लागला. कोणी त्याला हात लावला नाही. फक्त एक म्हातारा वळून मेहुण्याला म्हणाला, "पाव्हणं तुमचं हाय व्हय?" बस्स. पुढं कितीतरी सामन्यांना मेहुणा त्या बाजूला फिरकला नाही, लांब कोपऱ्यात एकटा उभा राहायचा. दोस्ताला याचा पत्ताच नाही. त्याच्या लेखी सामना मजेत गेला.

तर पैशाचं बोलू. पैसे दिलेत म्हणतोस. दिलेस, पण खुर्चीचे. ती गर्दी, तो ढोल, ते सगळे मिळून "फोर्सा गोवा" ओरडतात तेव्हा अंगावर येणारा काटा, हे तिकिटात धरलेलं नसतं. ते तिथल्या लोकांनी तयार केलेलं आहे आणि तुला ते फुकट अनुभवायला मिळतंय. बदल्यात ते एवढंच मागतात की त्यांच्या मधोमध उभा राहून त्यांच्या दुःखावर नाचू नकोस.

आता गोलचा प्रश्न, कारण खरी परीक्षा तिथंच. ६ एप्रिल २०२५ ची रात्र तुला आठवत असेलच. इंडियन सुपर लीगची उपांत्य फेरी, परतीचा सामना फातोर्ड्यालाच. पहिला सामना बेंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियमवर बेंगळुरूनं २-० जिंकलेला. गोव्यानं ४९ व्या मिनिटाला एक काढला, ८८ व्या मिनिटाला दुसरा. दोन्ही सामने मिळून बरोबरी, अख्खं स्टेडियम डोक्यावर, आता जादा वेळ होणार म्हणून सगळे नखं खात उभे. आणि भरपाई वेळेत छेत्रीचा हेडर. संपलं. त्या दिवशी तू टीव्हीसमोर होतास, म्हणून पलंगावर उड्या मारू शकलास. आता तोच क्षण मावसभावाच्या शेजारी बसून जगतोयस असं समज. ८८ व्या मिनिटाला तो तुला मिठी मारून नाचला असेल. चार मिनिटांनी त्याचा चेहरा कसा झाला असेल?

अशा वेळी पहिली दोन सेकंद सांभाळायची. त्यानंतर माणूस शुद्धीवर येतो, पण त्या दोन सेकंदांत तोंडातून जे बाहेर पडतं ते परत घेता येत नाही. म्हणून आधीच ठरवून जा. बेंगळुरूचा कॉर्नर असेल, फ्री किक असेल किंवा छेत्री डी मध्ये घुसत असेल, तर दोन्ही हात मांडीखाली घाल. हसू नकोस, खरंच घाल. शरीर आधी उठतं, डोकं मागनं येतं. गोल झालाच तर बसून राहा, खाली बघ, दात चावून हस, कोणाला दिसणार नाही. आजूबाजूचे खाली बसले, जरा पाणी-बिणी प्यायले, की मावसभावाकडे बघून हळूच "चांगला होता रे" एवढं म्हणायला हरकत नाही. तो शिवी देईल. ती शिवी तुझ्या गोलची पावती समज आणि खिशात घाल.

गोव्यानं गोल केला तर काय? हेही कोणी विचारत नाही, पण सांगतो. उभा राहा, कारण सगळे उभे असतील आणि तू बसलास तर तुला काहीच दिसणार नाही. टाळ्या वाजव, गोल चांगला असेल तर मनापासून वाजव. पण "फोर्सा गोवा" ओरडू नकोस. जी टीम तुझी नाही, तिच्या नावानं बोंबलणं हा सुद्धा त्यांचा अपमानच आहे, आणि तुझा तर आहेच. त्याच हिशोबानं नारिंगी टी-शर्टही नको. पांढरा, करडा, काळा, जो कपाटात सापडेल तो. बाहेर कोणी अर्धा निळा अर्धा नारिंगी स्कार्फ विकत असेल, तर तोही घेऊ नकोस. कट्टर पाठीराख्यांना जगभरात त्या अर्ध्या-अर्ध्या स्कार्फचा तिटकारा असतो, आणि माझंही मत त्यांच्याच बाजूनं आहे.

एवढी काळजी म्हणजे अती झालं असं वाटत असेल, तर जरा बाहेर बघ. इंग्लंडमधले क्लब यजमानांच्या स्टँडात पाहुण्या टीमच्या पाठीराख्याला मुळात प्रवेशच देत नाहीत. रंग दिसला किंवा गोलवर उडी मारली, तर स्टुअर्ड येतो आणि बाहेर काढतो. वाद नाही, पैसे परत नाहीत. पाहुण्यांसाठी स्टँडच वेगळा, त्यात वाटेल तेवढं ओरडा. युरोपातल्या क्लब स्पर्धांत पाहुण्यांसाठी किमान ५ टक्के जागा ठेवायची, असा युएफाचा, म्हणजे युरोपीय फुटबॉल संघटनेचा, नियमच आहे. अर्जेंटिनानं तर २०१३ साली पाहुण्या पाठीराख्यांना मैदानात यायलाच बंदी केली, आणि ती वर्षानुवर्षं चालली. आणि आपण काही सज्जन आहोत असं नाही. १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्यात ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालचा सामना होता. स्टँडमध्ये मारामारी जुंपली, पळापळ झाली, आणि १६ माणसं जिवानिशी गेली. फुटबॉल बघायला आलेली माणसं. बंगालमध्ये तो दिवस अजून फुटबॉलप्रेमी दिन म्हणून पाळतात, रक्तदान करतात. फातोर्ड्याला असलं काही होईल असं मी अजिबात म्हणत नाही. फक्त वेगळा स्टँड, वेगळा गेट, हे सगळे नियम कुठल्या अनुभवातून आले ते माहीत असावं.

शिव्यांचं विचारलंस. दोन प्रकारच्या असतात. खेळाडूला मैदानावर ज्या पडतात, त्या ऐकून घ्यायच्या. छेत्रीला म्हातारा म्हणतील, डायव्हर, म्हणजे मुद्दाम पडणारा, म्हणतील, आणखी काय काय म्हणतील. त्याला शिव्या पडल्या नाहीत, तरच मला काळजी वाटेल. त्याच्या वतीनं तू वकिली करायची गरज नाही, तो उत्तरं डोक्यानं देतो, हे त्या एप्रिलमध्ये सगळ्यांनी बघितलंय. ऑफसाइडवर, पेनल्टीवर, रेफरीच्या निर्णयावर तोंड उघडायचं नाही. तुझं म्हणणं शंभर टक्के बरोबर असलं तरी नाही. तिथं ऑफसाइडचा नियम शिकवायला तुला बोलावलेलं नाही.

दुसरा प्रकार तुझ्यावर येणाऱ्यांचा. शेजारच्यानं ओळखलंच की हा गोव्याचा नव्हे, तर खोटं बोलू नकोस. "होय, बेंगळुरूचा. भावानं आणलंय, गप्प बसणार आहे," एवढं सरळ सांग, मराठीत सांग. बहुतेक सगळ्यांना समजतं आणि खरं बोलणाऱ्याला लोक नुसतं चिडवून सोडतात. लपवलेलं नंतर उघडं पडलं, की मात्र ते फसवल्यासारखं वाटतं. कोणी "घांटी" म्हणेल. घाटावरनं गोव्यात उतरणाऱ्या आपल्या लोकांनी हा शब्द आयुष्यभर ऐकलाय, भाजीच्या टेम्पोवाल्यापासून नोकरीवाल्यापर्यंत. एकदा ऐकून सोड. पण कोणी भाषेवरून, जातीवरून, बाईमाणसावरून घाण बोलत राहिलं, अंगावर यायला लागलं, तर तिथं सोसण्यात शहाणपण नाही. मावसभावाला सांगून जागा बदल, नाहीतर सुरक्षारक्षकाला सांग. स्वतः उत्तर देऊ नकोस. तुझ्या एका वाक्यावर त्याला आपल्याच लोकांशी भांडावं लागेल.

आणि एक विषय चुकूनसुद्धा काढू नकोस: म्हादई नदीचं पाणी. चोर्ल्याच्या वाटेवर कणकुंबी लागेल, तिथल्या कळसा कालव्यावरून गोवा आणि कर्नाटक किती वर्षं भांडतायत ते तुला माहीत आहे. २०१८ साली लवादाचा निकाल आला तरी वाद मिटला नाही. गोव्याच्या माणसासाठी हा पाण्याचा, जंगलाचा, जिवाचा प्रश्न आहे. केए २२, म्हणजे बेळगावच्या नंबरची गाडी स्टेडियमजवळ लावून, मध्यंतरात चहा पिताना "आमचंच पाणी की" असलं काही बोललास, तर फुटबॉल बाजूला राहील. मी तर म्हणेन गाडी मावशीच्या दारात ठेव आणि स्टेडियमवर भावाच्या स्कूटरवरनं जा. पार्किंगचाही ताप नाही.

मोबाईलचं आजकालच्या पोरांना सांगावं लागतं. स्टँडात बसून रील काढू नकोस. विशेषतः गोल खाल्ल्यावरचे लोकांचे चेहरे टिपू नकोस, डोक्याला हात लावून बसलेला माणूस म्हणजे तुझ्या स्टेटसचा मसाला नव्हे. "फातोर्डा काबीज" वगैरे लिहून मावसभावाला टॅग तर अजिबात करू नकोस. ग्रुपवर त्याचे दोस्त आहेत. फोटो हवाच तर सामन्याआधी दोघांचा काढ, हसत, मागं हिरवं मैदान.

सामना संपल्यावर: जिंकलात तर लगेच उठून निघ, मागं वळून मैदानावर निळ्या खेळाडूंची सलामी बघत बसू नकोस. हरलात तर थोडा थांब, टाळ्या वाजव. हरलेला पाहुणा थांबून टाळ्या वाजवतो, हे लोक लक्षात ठेवतात. नंतर बाहेर गाड्यावर रस ऑम्लेट खा, पैसे तू दे. आणि त्याच रात्री गाडी काढून चोर्ला चढू नकोस. घाटात धुकं असतं, वळणं तुला माहीत असली तरी समोरच्या ट्रकवाल्याला नसतात. मावशीकडं झोप. जाताना नेलेला कुंदा तिच्या घरीच ठेवून स्टेडियमवर जा, गेटवर डबा आत सोडत नाहीत, आणि सुरक्षारक्षकाला कुंदा खाऊ घालण्यापेक्षा मावशीला घातलेला बरा.

हे सगळं वाचून "छे, मला गप्प बसायला जमणारच नाही" असं वाटलं, तर ते आत्ताच मान्य कर. यात कमीपणा नाही. काही माणसं ओरडण्यासाठीच सामन्याला जातात, आणि तसा पाठीराखा मला मुका बसलेल्यापेक्षा आवडतो. पण मग पाहुण्यांसाठी वेगळा स्टँड ठेवलाय का, ते तिकीटवाल्यांकडे चौकशी करून तिथलं तिकीट काढ. तिथं वेस्ट ब्लॉक ब्ल्यूजची, म्हणजे बेंगळुरूच्या पाठीराख्यांच्या गटाची, दोन-चार पोरं बेंगळुरूहून आलेली असतीलच, निळी जर्सी घाल, घसा फोड, छेत्रीच्या नावानं आकाश हलव. मावसभाऊ त्याच्या दोस्तांत, तू तुझ्या. त्याला मात्र आधी फोन करून सांग, त्यानं काढलेलं तिकीट त्याला दुसऱ्या कोणाला देता येईल.

राहता राहिले बाबा. त्यांच्याशी भांडू नकोस, कारण त्यांची जखम खरी आहे. सत्तर वर्षांच्या भांडणात ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, मोर्चे काढले, त्यांना "हा फक्त खेळ आहे" असं म्हटलं तर लागतं. पण त्यांना एक गोष्ट विचार. १७ मार्च २०१९ ला मुंबईत इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला, बेंगळुरू आणि गोवा. जादा वेळेत, ११७ व्या मिनिटाला, कॉर्नरवर डोकं लावून बेंगळुरूला चषक देणारा गोल कोणी केला? राहुल भेकेनं. मुंबईच्या मराठी पोरानं. त्या दिवशी गोव्यात जी माणसं रडली, त्यातली कित्येक घरात मराठी वर्तमानपत्र वाचणारी होती. आता यात आपली बाजू कुठली, बाबांनीच सांगावी. खानापूर, निपाणी, बेळगावातली पोरं कोल्हापूरच्या तालमींसाठीही ओरडतात, गोव्यासाठीही, बेंगळुरूसाठीही. लेले मैदानावर खेळणाऱ्या पोरांना विचार, मेस्सीसाठीसुद्धा ओरडतात, आणि तेवढ्यानं कोणी अर्जेंटिनाचं होत नाही. सीमाप्रश्नाचा निकाल सर्वोच्च न्यायालयात लागायचा आहे, फातोर्ड्याला नाही. बाबांना हे पटेल असं नाही, पण जाऊ नको असं ते म्हणणार नाहीत असा माझा अंदाज आहे. सामना चालू असताना तेच तुला फोन करून स्कोअर विचारतील. तेव्हा फोन उचल, पण हळू बोल.

आणि गोवा कंठीरवावर खेळायला येईल, तेव्हा मावसभावाला बेंगळुरूला घेऊन जा. रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडा, सकाळी बेंगळुरू. त्याला निळ्या गर्दीत तुझ्या शेजारी बसव. नारिंगी जर्सी त्याला घालू द्यायची की नाही, ते तेव्हा तूच ठरव.